पिस्टनचा क्लिअरन्स मोजायला फिलर पट्टी की बोअर गेज?

उसाचा हंगाम तोंडावर आला की बीड-लातूरकडे ट्रॅक्टरची इंजिनं धडाधड खोलली जातात आणि घाईत क्लिअरन्सचं, म्हणजे पिस्टन आणि बोअर (सिलिंडरचं गोल भोक) यांच्यातली फट मोजायचं काम फिलर पट्टीवर, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पोलादी पट्टीवर भागवलं जातं. पट्टी टाकाऊ नाही, पण तिच्या भरवशावर बोरिंगचं (बोअर कापून मोठा करण्याचं) माप ठरवू नये.

पट्टी लावायची पद्धत सोपी आहे. रिंगा न घालता पिस्टन उलटा बोअरमध्ये सोडायचा, गजन पिनेच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) काटकोनात स्कर्टलगत (पिस्टनचा रिंगांखालचा भाग) लांब पट्टी ठेवायची आणि ओढून बघायची. काही मॅन्युअलमध्ये स्प्रिंग काट्यावर किती जोर यावा तेही दिलेलं असतं. काटा नसेल तर दोन हात दोन वेगळे आकडे सांगतात. शिवाय पट्टी सपाट आणि बोअर गोल. रुंद पट्टी कडांवर टेकते आणि फट खऱ्यापेक्षा कमी दाखवते. बोअर किती लंबगोल झाला, वर किती झिजला, हे तिला नीट सांगता येत नाही. मोटारसायकलच्या ०.०३ मिमीच्या फटीत तर ती चुरगळतेच.

बोअर गेज म्हणजे बोअरचा आतला व्यास मोजणारं डायलचं साधन. त्याला बाहेरून माप घेणारा मायक्रोमीटर जोडीला लागतो, म्हणजे खर्च दुहेरी. पण बोअरमधून पिस्टनचं माप वजा करत बसावं लागत नाही. पिस्टन लंबगोल आणि निमुळता घडवलेला असतो, म्हणून मॅन्युअलमधल्या उंचीवर, पिनेच्या काटकोनातच मायक्रोमीटर लावा आणि लॉक करा. मग तो व्हाइसमध्ये हलका धरून त्याच्याच दोन तोंडांत बोअर गेज शून्यावर आणा. आता बोअरमध्ये गेज मागे-पुढे झुलवा. सुई जिथून उलटी फिरते, तो आकडा म्हणजे थेट क्लिअरन्स. वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना, अशी सहा मापं घ्या. वेट लायनर (बाहेरून थेट पाणी लागणारी, सुटी निघणारी सिलिंडरची नळी) ब्लॉकमध्ये बसवल्यावरच मोजा. ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी रिंग) दाबली गेली की लायनर खालून आत चेपतो, आणि हा दोष बाहेर ठेवून मोजलेल्या लायनरमध्ये सापडत नाही.

टेलिस्कोपिक गेज (बोअरमध्ये फाकवून लॉक करायचा आणि मग मायक्रोमीटरने मोजायचा) स्वस्त पडतो, पण लॉक करताना हात हलला की माप गेलं. बोअर गेज येईपर्यंत चालवा, इतकंच.

आपल्याकडचा मोठा घोळ उन्हाचा. १०० मिमी व्यासाच्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) बोअरला १५ अंशांचा फरक पडला की माप साधारण ०.०१६ मिमीने वाढतं. ब्लॉक उन्हातून आणलेला आणि पिस्टन सावलीतला असेल, तर बोअर मोठा वाटतो, होनिंग (दगडांनी बोअर घासून मापात आणणं) कमी होतं आणि फिटिंग घट्ट राहतं. मग लोड आला की स्कर्ट ओरबाडला जातो, इंजिन जाम होतं. दोन्ही वस्तू रात्रभर शेडमध्ये शेजारी ठेवा आणि सकाळी मोजा. फट सैल राहिली तर थंड इंजिन ठकठकतं, ऑइल खातं.

महिन्याला एखादंच इंजिन बांधत असाल तर पट्टी ठेवा, पण बोरिंगवाल्याला प्रत्येक पिस्टन नंबर टाकून द्या आणि त्याच्या बोअर गेजवर प्रत्येक सिलिंडर समोर मोजून घ्या. नेहमीचं काम असेल तर ५० ते १५० मिमीचा बोअर गेज घ्याच. ट्रॅक्टरला ०.०१ मिमीचा डायल पुरतो, मोटारसायकलला ०.००१ मिमीचा लागतो.