कॅमेऱ्याचे फुकाचे अलर्ट: झोन आखावा की ह्यूमन डिटेक्शन लावावं?

घरच्या सुरक्षा कॅमेऱ्यामुळे पान हललं तरी फोन वाजतो? अलर्टच बंद करण्याआधी हे दोन पर्याय ताडून बघा: झोन, म्हणजे चित्राच्या आखलेल्या भागातल्याच हालचालीवर अलर्ट; आणि ह्यूमन डिटेक्शन, म्हणजे माणूस ओळखला तरच अलर्ट.

खर्च: झोन बहुतेक कॅमेऱ्यांत फुकट मिळतो. ह्यूमन डिटेक्शन काहींत कॅमेऱ्यातच चालतं, काहींत क्लाउडवर (कंपनीच्या सर्व्हरवर), आणि तिथे बहुधा दरमहा पैसे. खोक्यावरच्या ‘एआय’वरून हे कळत नाही.

मेहनत झोनला जास्त. रस्ता, झाड, आभाळ वगळून फाटक ते दार एवढाच भाग ठेवा. सेन्सिटिव्हिटी (किती हालचालीवर अलर्ट यावा ते) एकेक पायरी उतरवा आणि दर वेळी स्वतः चालून बघा.

खरा फरक चुकांत आहे. झोनमागचं साधं मोशन डिटेक्शन (हालचाल टिपणं) पिक्सेलमधला बदल मोजतं, म्हणून झोनच्या आत पडलेली सावली किंवा हेडलाइटचा झोत त्याला चकवतोच. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात लेन्सपुढचं कोळ्याचं जाळंही पांढरं चमकतं (ते झटकावंच लागतं, सेटिंगने जात नाही). ह्यूमन डिटेक्शन यातलं बरंच गाळतं. पण कॅमेरा उंचावरून थेट खाली रोखलेला असेल किंवा माणूस चित्रात फारच लहान दिसत असेल, तर माणूसच निसटतो.

बंदिस्त अंगणाला झोन पुरतो. दार रस्त्याला लागून असेल तर ह्यूमन डिटेक्शन घ्या, वर झोनही आखा. जनावरांचीही खबर हवी असेल, तर नुसत्या ह्यूमन डिटेक्शनवर विसंबू नका.