पाणी दारातून आलं नाही, मोरीतून आलं

वळवाचे दोन-तीन पाऊस पडून गेले की कोल्हापुरात आमच्या दुधाळीकडच्या गल्ल्यांत माणसं फिरायला लागतात. हातात फाइल, खांद्याला बॅग, बॅगेत भिंतीची ओल मोजायचं यंत्र. पूर आला तरी घरात पाणी शिरणार नाही असं काम करून देतो, म्हणतात. त्यांतल्या एकाला आम्ही २०२४ च्या मे महिन्यात एक लाख वीस हजार रुपये दिले. कुणाकुणाच्या दारात आजही अशी माणसं उभी असतील, म्हणून काहीही न लपवता लिहिते.

आमचं घर म्हणजे तळमजला आणि वर दोन खोल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा खालचं सगळं पाण्यात गेलं. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ती ५६ फुटांच्याही वर गेली. त्या वेळी सासूबाईंना खुर्चीसकट उचलून बोटीत बसवावं लागलं. वय ऐंशीच्या पुढं. त्यानंतर रात्री पावसाचा जोर वाढला की त्या अंथरुणात उठून बसायच्या आणि विचारायच्या, "बंधाऱ्यावर किती फूट झालं?" ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं.

तो माणूस आला तेव्हा सासूबाई दारातच बसल्या होत्या. तो आधी त्यांच्या पाया पडला, मग माझ्याशी बोलायला लागला. बोलणं एकदम गोड, शब्दाशब्दाला 'काकी'. हॉलच्या भिंतीला यंत्र टेकवलं, काटा थेट लाल रंगात. "बघा काकी, भिंत आतून सडलीय. अजून एक पूर आला तर ही भिंत टिकणार नाही." मग मोबाइलवर शिरोळकडच्या घरांचे म्हणून फोटो दाखवले. ती घरं खरंच तिथली होती का, हे विचारायचं मला सुचलं नाही. आमचे हे जरा मागं-पुढं करत होते. तेव्हा तो सासूबाईंकडं बघून म्हणाला, "आजींना परत बोटीत बसवायचंय का?" त्या वाक्यावर आमचा निर्णय झाला. बोटीची गोष्ट त्याला सासूबाईंनीच दहा मिनिटांपूर्वी सांगितली होती.

काम ठरलं एक लाख पासष्ट हजारांना. तळमजल्याच्या भिंतींना आतून चार फुटांपर्यंत केमिकलचा कोट, फरशीच्या कडेनं भोकं पाडून ग्राउटिंग, म्हणजे भोकांत पातळ मिश्रण भरून फटी बुजवणं, आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे गटाराचं पाणी उलटं घरात येऊ न देणारी झडप. जून तोंडावर आलाय, माल संपत आलाय, असं म्हणून त्यानं ॲडव्हान्स मागितला. पन्नास हजार फोनवरून पाठवले, सत्तर हजार रोख दिले. रोखीची पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान.

पाच दिवसांत काम उरकलं. केमिकलच्या डब्यांवरची लेबलं खरवडलेली होती, ते मी बघितलं होतं. विचारलं तर म्हणाला, "कंपनीचा फॉर्म्युला आहे, बाहेर जाऊ नये म्हणून काढतो." चेंबरचं काम त्यानं आम्ही एका लग्नाला गेलो त्या दुपारी केलं. परत आलो तर झाकण चारी बाजूंनी सिमेंटनं लिंपलेलं. "हे उघडायचं नाही काकी. सील तुटलं की गॅरंटी गेली." दहा वर्षांचं गॅरंटी कार्ड दिलं, गुळगुळीत कागदाचं, सोनेरी शिक्क्याचं. ते मी देवघराच्या खणात ठेवलं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, नदीनं धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ४७ फुटांपर्यंत आलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं, पण उंबरा कोरडा होता. यावेळी वाचलो, असं आम्ही एकमेकांना म्हणालो. टीव्ही, फ्रीज खालीच राहू दिले, गाद्याही वर नेल्या नाहीत. गॅरंटी होती ना.

रात्री दोनच्या सुमारास मोरीतून बुडबुड आवाज यायला लागला. मी दिवा लावला तर मोरीच्या जाळीतून काळं पाणी उसळत होतं आणि पाठोपाठ संडासातूनही. पहाटेपर्यंत तळमजल्यात गुडघ्याइतकं गटाराचं पाणी झालं. २०१९ ला नदीचं पाणी होतं, गढूळ असलं तरी नदीचं. ही घाण होती. तो वास आठवला की आजही मला मळमळतं.

पाणी उतरल्यावर माझे दीर आले. ते उद्यमनगरात लेथवर काम करतात, वस्तू हातात घेतली की तिचं पोट कळतं त्यांना. छिन्नी-हातोड्यानं त्यांनी चेंबरवरचं सिमेंट फोडलं, पाइपातला तो तुकडा सोडवला, आत बोट घातलं आणि माझ्याकडं बघत राहिले. "वहिनी, ह्यात पडदाच न्हाई." नुसता चार इंची पीव्हीसीचा जोड, वरून राखाडी रंग मारलेला. खऱ्या व्हॉल्व्हमध्ये एक झुलता पडदा असतो. घरातलं पाणी बाहेर जाताना तो उघडतो, बाहेरचं पाणी उलट आलं की त्याच पाण्याच्या दाबानं मिटतो. त्यात केस, चिंध्या, माती अडकली तर तो नीट मिटत नाही, म्हणून पावसाळ्याआधी उघडून साफ करावाच लागतो. म्हणजे चेंबर लिंपून टाकणं हीच खोटेपणाची खूण होती, आणि आम्ही तिला सील समजत होतो.

भिंतींवरचा कोटही पंधरा दिवसांत पापडासारखा सुटला. माझ्या बहिणीचा मुलगा सिव्हिल इंजिनिअर आहे, त्यानं येऊन सगळं बघितलं. त्याचं म्हणणं असं, की दोन पूर खाल्लेल्या भिंतीत क्षार उतरलेले असतात. आपण ज्याला लोणा लागणं म्हणतो तेच ते. अशा भिंतीवर ते यंत्र लाल दाखवतंच, मग आत ओल थोडी असो की जास्त. आणि पाणी भिंतीच्या बाहेरून दाबत असताना आतून लावलेला पातळ थर ते ढकलून टाकतं. थर लावायचाच तर बाहेरच्या अंगानं, भिंत पूर्ण वाळल्यावर. त्यानं आणखी एक हिशोब सांगितला तो मी विसरणार नाही. एक घनफूट पाण्याचं वजन २८ किलो. घराबाहेर तीन फूट पाणी साचलं आणि आत थेंब नाही, तर भिंतीच्या पायथ्याशी दर चौरस फुटाला ८५ किलोच्या आसपास दाब येतो, आणि जमिनीत पाणी मुरलं की फरशीही खालून तशीच उचलली जाते. साध्या विटांच्या घरानं एवढं सोसावं अशी ती बांधणीच नसते. त्यामुळं ५५ फुटांच्या पुरात घर कोरडं ठेवून दाखवतो, असं म्हणणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा लबाड. ४५-४७ फुटांना गटार उलटं येतं, ते मात्र थांबवता येतं.

मी त्या माणसाला फोन केला. आधी उचलला नाही, मग एकदा उचलला आणि म्हणाला, "कार्डाची मागची बाजू वाचा." मागं बारीक अक्षरांत होतं: नैसर्गिक आपत्ती वगळून. पुरापासून वाचवायची गॅरंटी आणि त्यात पूरच वगळलेला. त्या दिवशी मी रडले, पैशांसाठी कमी आणि सासूबाईंना काय सांगू म्हणून जास्त. नंतर फोन बंद. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक भाच्यानं तपासला तर त्यात १४ च अक्षरं. खरा क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो. पोर्टलवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. आम्ही ती दोन मिनिटं मे महिन्यात दिली नाहीत.

आता खरा व्हॉल्व्ह बसवलाय. ओळखीच्या नळकारागिरानं चेंबरच्या दुरुस्तीसकट सात हजारांत काम केलं. बसवायच्या आधी आमच्यासमोर त्यात उलट्या बाजूनं बादलीभर पाणी ओतून दाखवलं, थेंब पलीकडं गेला नाही. झाकण उघडता येतं, मेअखेरीस ह्यांनी स्वतः उघडून धुतलं. पडदा मिटलेला असताना घरातलं सांडपाणीही बाहेर जात नाही, तेव्हा ४३ फुटांचा आकडा कानावर आला की आम्ही खालची मोरी आणि संडास वापरणं बंद करतो. गाद्या, धान्य, कागदपत्रं ३९ लाच वर जातात. कोट वगैरे काही केलेला नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, पण घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आधी काही विचारायचं असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. आमच्या हातात फोनवरून दिलेल्या पन्नास हजारांची नोंद आहे, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आहे, ते कार्ड आहे आणि पडदा नसलेला तो तुकडा आहे. रोख दिलेल्या सत्तर हजारांसाठी फक्त वहीचं पान, आणि त्यावर सही नाही. सुतारवाड्याकडच्या दोन घरांनी त्याच सोनेरी शिक्क्याची कार्डं आणून दाखवली, त्यांची चेंबरंही लिंपलेलीच होती. तुमच्याकडं तसं कार्ड असेल तर आधी चेंबर फोडा, आत बोट घालून बघा, फोटो काढा, आणि तो तुकडा फेकू नका.