नऊशे रुपयांची झोप : आखडलेल्या पाठीसाठी रेकी

पाठीच्या आखडण्यावर रेकीचा, म्हणजे अंगावर हात ठेवून 'ऊर्जा' देण्याच्या जपानी पद्धतीचा, उपयोग होतो का, हे मला बँकेतले, नात्यातले आणि सोसायटीतले इतके जण विचारतात की एकदाच सविस्तर लिहून टाकते. झोपेला झाला, पाठीला नाही. एवढंच हवं असेल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

आधी दुखण्याबद्दल, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. मला अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्यांचा संधिवात आहे. लोक याला स्पाँडिलोसिस समजतात आणि 'वयाप्रमाणे होतंच' म्हणून मोकळे होतात. ती हाडांची झीज. माझं तसं नाही. माझ्यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती माकडहाडाच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांना आणि मणक्यांना सूज आणते. हे दुखणं साधारण तरुणपणीच सुरू होतं. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर काही जणांचे मणके एकमेकांना जोडले जातात, एक्स-रेत पाठीचा कणा बांबूसारखा दिसतो. टाचा दुखतात, कधी डोळा लाल होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आराम केला की हे वाढतं, हालचाल केली की कमी होतं. पहाटे कूस बदलताना जीव जातो, आणि तासाभरानं भाजी आणायला निघाले की मी ठणठणीत. सासूबाईंना हे अजून पटत नाही. 'आत्ता तर कण्हत होतीस!'

रेकीचं नाव मावशीनं काढलं. नाशिकमधलंच केंद्र आहे, नाव देत नाही. पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, चपला बाहेर, आत चंदनाच्या उदबत्तीचा वास, एसी आणि बासरीची रेकॉर्ड. भिंतीवर तीन फोटो: मिकाओ उसुई, ज्यांनी 1922 च्या सुमारास जपानमध्ये ही पद्धत सुरू केली, त्यांचे शिष्य हयाशी, आणि हवाईच्या हावायो ताकाता, ज्यांच्यामुळे ती जपानबाहेर पोचली. शेजारी दत्ताची तसबीर. रेकी देणाऱ्या मॅडमनी उसुईंच्या कुरामा डोंगरावरच्या एकवीस दिवसांच्या उपासाची गोष्ट फार रंगवून सांगितली. मला ऐकायला आवडली. तक्त्यावर मात्र आपली मूलाधार ते सहस्रार सात चक्रं काढलेली. ती रेकीत नंतर पश्चिमेकडे शिरली, हे मॅडमनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एका सेशनचे नऊशे रुपये, वेळ तासभर. मसाज टेबलासारख्या उंच पलंगावर उताणं झोपायचं, डोळ्यांवर रुमाल. मॅडम आधी डोक्यापाशी हात ठेवतात, मग गळा, छाती, पोट, गुडघे, शेवटी पालथं करून पाठ. दाबत, चोळत नाहीत, नुसता हात ठेवून थांबतात. माकडहाडावर हात आला तेव्हा खरंच ऊब जाणवली. त्यांचे तळवे गरमच असतात, हस्तांदोलन करतानाही. पण ती ऊब, तो अंधार, कुणीतरी तासभर फक्त आपल्याकडे लक्ष देतंय ही भावना... मी घोरले. दिवसभर काउंटरवर नोटा मोजणाऱ्या बाईला असा तास मिळतो कुठे? मन हलकं झालं, रात्रीही बरी झोप लागली. यात मी हातचं राखून बोलत नाही. झोपेला पाचपैकी चार.

आता उठण्याची गोष्ट. तासभर न हलता पडून राहिल्यावर माझी पाठ लाकडाची झाली होती. सरळ उठताच येईना. कुशीवर वळायचं, दोन्ही पाय पलंगाखाली सोडायचे, कोपरावर भार देऊन धड वर ढकलायचं, मग पलंगाची कड धरून उभं राहायचं, आणि त्यानंतरही पहिली पाच-सहा पावलं वाकूनच. मॅडम म्हणाल्या, "ताई, अडकलेली ऊर्जा मोकळी होताना असा त्रास होतोच. याला हीलिंग क्रायसिस म्हणतात." माझ्या दुखण्याचा स्वभाव ज्याला माहीत आहे त्याला यात ऊर्जेचं कोडं दिसणार नाही. हलू न दिलं, म्हणून आखडलं. या आजाराला जे नको तेच तासभर करायचं आणि त्याचे नऊशे द्यायचे, ही या सेवेची पहिली अडचण. त्यातून मार्ग काढता येतो, शेवटी सांगते.

बरं वाटलं हे खरं, पण 'वाटलं' यावर मी थांबत नाही. माझ्या फिजिओथेरपिस्टनं एक साधं मोजमाप शिकवलंय. टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीला टेकवून उभं राहायचं, हनुवटी वर न उचलता डोकं मागे न्यायचं आणि डोक्याच्या मागच्या भागापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजायचं. निरोगी माणसाचं डोकं भिंतीला टेकतं. माझं चार सेंटिमीटर अलीकडे राहतं. लेक शाळेची पट्टी घेऊन स्टुलावर उभी राहते आणि डॉक्टरच्या थाटात 'हनुवटी खाली!' म्हणून दटावते. रेकीच्या आधी चार, पूर्ण पॅकेज संपल्यावरही चार. सकाळच्या ताठरपणाची वेळही तेवढीच. पाठीला शून्य गुण देते, आणि ते रागानं देत नाही.

मावशीला मात्र गुडघ्याला 'फरक' पडला. पडलाही असेल, दुखण्याला चढउतार असतातच. आपण कुणाचंही दार ठोठावतो ते दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि त्यानंतर ते आपोआप उतरतं तेव्हा श्रेय दार उघडणाऱ्याला. मीही काढ्याला, तांब्याच्या कड्याला असंच श्रेय वाटलंय.

अभ्यास झालेले आहेत. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर दुखत राहणाऱ्या आजाराच्या, शंभर रुग्णांवर रेकी करून पाहिली. काहींना खऱ्या रेकी मास्टरकडून, काहींना रेकीचा नुसता अभिनय करणाऱ्या माणसाकडून. आठ आठवड्यांनी दुखण्यात फरक दिसला नाही, ना खऱ्यांत ना खोट्यांत. आजार माझा नव्हे, पण दुखण्याच्या जातीतला. त्याहून लेकीला आवडली ती एमिली रोझाची गोष्ट. कोलोरॅडोतल्या या मुलीनं शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी थेरप्युटिक टच, म्हणजे हातांनी दुसऱ्याची ऊर्जा जाणवते असं मानणारी पद्धत, करणाऱ्यांची परीक्षा घेतली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मधे पुठ्ठा, त्याखालून हीलरचे दोन्ही हात. एमिली नाणं उडवून त्यातल्या एकावर आपला हात धरणार आणि कुठल्या हातावर ते हीलरनं ऊर्जेवरून ओळखायचं. एकवीस जणांचं बरोबर उत्तर 44 टक्के वेळा आलं, म्हणजे छापा-काट्यापेक्षाही कमी. 1998 मध्ये हे अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. लेकीचा आग्रह म्हणून मी मॅडमना विचारलं, आपण करून बघूया का? त्या हसल्या. "ऊर्जा परीक्षेला बसत नाही हो."

इथवर मी त्यांना नावं ठेवली नसती. तक्रार यापुढची आहे. तिसऱ्या भेटीपासून बोलण्याचा सूर बदलला. फर्स्ट डिग्री, म्हणजे रेकीचा पहिला कोर्स करा, स्वतःला रोज देता येईल. घराबाहेर पडता येत नसेल तर फोटो पाठवा, डिस्टन्स हीलिंग करू, दर तोच. मग मूलाधारासाठी लाल जास्परचा खडा. आणि एकदा अगदी सहज : "ते इंजेक्शन ऊर्जेला अडवतं. हळूहळू बंद करता आलं तर बघा."

ते इंजेक्शन म्हणजे अॅडालिमुमॅब, पंधरवड्यातून एकदा पोटाच्या त्वचेखाली. सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करून घेतात, कारण ते प्रतिकारशक्तीचाच एक धागा, टीएनएफ, दाबून ठेवतं. फ्रिजमध्ये ते दुधाच्या पिशवीशेजारी असतं आणि त्याच्या जिवावर मी काउंटरवर बसते. ते बंद करायचा सल्ला देणाऱ्यानं निदान माझे रक्ताचे रिपोर्ट तरी बघायला हवे होते. मी तिथेच सांगितलं, "मॅडम, औषधाचं माझ्या डॉक्टरांकडे. तुम्ही हात ठेवा." पण माझ्या जागी नुकतंच निदान झालेला, सुयांना घाबरणारा पंचवीस वर्षांचा मुलगा असता तर?

आणखी एक. त्यांच्या पत्रकावर 'संधिवात मुळापासून बरा' असं छापलंय. 1954 च्या औषधी आणि जादूटोणा उपाय कायद्यात ज्या आजारांच्या उपायांची जाहिरात करायला मनाई आहे त्या यादीत संधिवातही आहे. हेही मी सांगितलं. त्या म्हणाल्या, पत्रक भाच्यानं डिझाइन केलंय.

प्राणिक हीलिंगही ओघात पाहिलं. फिलिपिन्सच्या चोआ कोक सुई यांची पद्धत. अंगाला हात लावत नाहीत, हवेतल्या हवेत झाडतात आणि झाडलेलं मिठाच्या पाण्यात टाकतात. मला तिथे झोपही लागली नाही.

तर कुणी जावं? ताणानं खांदे कानापर्यंत चढलेत, झोप उडालीय, घरात कुणी पाच मिनिटं ऐकून घेत नाही आणि नऊशे रुपये परवडतात, अशांनी जरूर जावं. सकाळी अर्धा-पाऊण तास कंबर आखडत असेल, पहाटे दुखण्यानं जाग येत असेल, चालल्यावर बरं वाटत असेल, तर आधी संधिवाततज्ज्ञ गाठा. अस्थिरोगतज्ज्ञ नव्हे, संधिवाताचे वेगळे डॉक्टर असतात. एचएलए-बी27 ही रक्ताची जनुकीय चाचणी करायची का, ते ठरवतील; ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार असतोच असं नाही, तेव्हा लॅबमध्ये परस्पर करून घाबरून बसू नका. फिजिओ आणि पोहणं यांना माझ्या पाठीचे पाचपैकी चार गुण. एक गुण नाशिकच्या थंडीत सकाळी सहाला तलावात उतरावं लागतं म्हणून कापला.

मी अजून जाते, मार्चएंडचे हिशेब संपल्यावर. पॅकेज घेत नाही, सुटे नऊशे देते. उताणं झोपत नाही, कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन. आणि दर पंधरा मिनिटांनी उठून खोलीत दोन फेऱ्या मारते. मॅडमना ते पटत नाही, ऊर्जेचा प्रवाह तुटतो म्हणतात. पण "चालेल ताई" म्हणून बासरी थांबवतात.