आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण, अकरा महिन्यांनंतर: आरसा बघता तसा बेसही बघा

मागच्या मे महिन्यात घेतली. २०३ मिमी आरसा, १२०० मिमी फोकल लेंग्थ, नळी लाकडी बेसवर ठेवून हाताने फिरवायची. पावसाआधी तीनच रात्री मिळाल्या, पण त्यात ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ असा काही दिसला की मी भेटेल त्याला सांगत होतो, हीच दुर्बीण डोळे झाकून विकत घ्या. ते आता मागे घेतो.

पावसाळाभर ती पुण्यात गॅलरीलगतच्या खोलीत चादर टाकून ठेवली होती. ऑक्टोबरात बाहेर काढली तर बेस फिरेना. जोर लावला की गचकन दोन बोटं पुढे. उलटा करून पाहिला: पार्टिकल बोर्डची खालची तबकडी कडेने फुगलेली, पट्टी सुटलेली, नखाने उकरलं तर ओल्या बिस्किटासारखा भुसा हातात आला.

कुणाला वाटेल, एवढ्यासाठी काय रडायचं? १० मिमीच्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) १२० पट मोठं दिसतं, पण आकाशाचा तुकडा अर्ध्या अंशाहूनही कमी. मोटर नाही, त्यामुळे पृथ्वी फिरते तशी एखादी वस्तू तर पावणेदोन मिनिटांत या कडेवरून त्या कडेला जाते. दर काही सेकंदांनी नळी केसभर ढकलावी लागते. बेस गचके देत असेल तर आरसा कितीही चांगला असो, काही उपयोग नाही. एम ८२ ही दीर्घिका मी एका रात्रीत नऊ वेळा हरवली.

विक्रेत्याचं उत्तर: लाकडी भाग वॉरंटीत नाही, नवा बेस साडेनऊ हजार, वाहतूक वेगळी. तीन आठवडे फोन आणि फोटो चालले. दमट हवेत विकायच्या वस्तूच्या कडा उघड्या ठेवायच्या आणि वर गिऱ्हाइकालाच विचारायचं, "ओल्या जागी ठेवली होती का?" याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी आमच्या सुतारमामांकडे नेला. त्यांनी मरीन प्लायची तबकडी कापली, बेसच्या वरच्या भागाच्या तळाला खरखरीत सनमायका लावला, खालच्या तबकडीवर पायांच्या बरोबर वर टेफ्लॉनचे तीन तुकडे. गुळगुळीत सनमायका मीच नको म्हटलं, तो चिकटतो. टेफ्लॉनचा गुण असा की सुरुवातीला जेवढा जोर लागतो साधारण तेवढाच फिरतानाही लागतो, म्हणून गचका बसत नाही. ज्यांच्यावरून डॉब्सोनियन हे नाव पडलं, त्या जॉन डॉब्सन यांच्या पद्धतीच्या दुर्बिणी टेफ्लॉनवरच फिरायच्या. सगळं मिळून साडेआठशे रुपये.

त्यानंतर ही दुर्बीण वेगळीच झाली. परवाच्या अमावस्येला माण तालुक्यात गावी नेली. कन्या राशीत, नकाशावरची बारीक ताऱ्यांची खूण जुळवत, एकेक तारा सरकत थ्री सी २७३ या क्वेसारपर्यंत, म्हणजे एका दूरच्या दीर्घिकेच्या तेजस्वी केंद्रापर्यंत पोचलो. जवळपास तेराव्या प्रतीचा (प्रत जेवढी मोठी तेवढा अंधूक) ठिपका, इतर ताऱ्यांसारखाच. १९६३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटावरून ओळखलं की हा आपल्या दीर्घिकेतला ताराच नाही. आज दिसणारा त्याचा प्रकाश सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी निघालाय. आईला दाखवला. शेजारच्या दोन ताऱ्यांच्या खुणेने तिने तो स्वतः शोधला आणि म्हणाली, "हलवू नकोस, बघू दे." मी हळूच ढकलत राहिलो, तिला कळलंसुद्धा नाही.

फोकसर ठीक, फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) ठीक. आयपीस नंतर बदला. घेतल्याबरोबर मात्र बेसच्या सगळ्या कडांना वॉर्निश मारा. मी पावसाआधी आणखी एक हात देणार आहे.