नऊ महिने पाऊच वापरला, आणि पाणी शिरलं ते समुद्रातून बाहेर आल्यावर

तिसऱ्या सहलीहून परतल्यावर चौथ्या दिवशी फोन चार्ज व्हायचा थांबला, म्हणून हे लिहायला बसले. त्याआधी मी फोन पाण्यात न्यायच्या या वॉटरप्रूफ पाऊचला पाच स्टार देऊन मोकळी झाले होते. मग रागाच्या भरात एकावर आणले. आता तीनवर थांबले आहे, आणि ते तीन कसे ठरले ते नीट सांगायचं आहे, कारण माझं नुकसान ज्या कारणाने झालं ते मला एकाही रिव्ह्यूत सापडलं नाही.

पाऊच म्हणजे आपण सगळ्यांनी पाहिलेला तोच: गळ्यात अडकवायचा, पारदर्शक, वर प्लास्टिकची क्लिप, दोन्ही टोकांना फिरवायची खटकी, खोक्यावर ठळक आयपीएक्स ८, म्हणजे पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा. सोबत कॅमेऱ्यासाठी दहा लिटरची, पाणी आत न जाऊ देणारी, तोंड गुंडाळायची ड्राय बॅग घेतली होती. कॅमेऱ्याला पाण्याखालची कडक पेटी घ्यावी असं नवऱ्याचं म्हणणं होतं, पण ती पेटी जवळजवळ कॅमेऱ्याएवढीच महाग. वर्षातून तीन-चार वेळा समुद्रावर जाणाऱ्याने तो खर्च करू नये, असं माझं मत होतं आणि अजूनही आहे.

पहिल्या दोन सहली छान झाल्या. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून मुलीचे लाटांवर उड्या मारतानाचे व्हिडिओ काढले. पाण्याखाली स्क्रीनला स्पर्श समजत नाही, कारण पाण्याचा दाब पूर्ण प्लास्टिक काचेवर चिकटवतो आणि फोनला सगळीकडेच बोट लागल्यासारखं वाटतं. त्यामुळे व्हिडिओ वरच सुरू करून मग फोन बुडवायचा, किंवा फोटोसाठी आवाजाचं बटण दाबायचं. हे एकदा कळलं की अडत नाही.

तिसऱ्या सहलीत संध्याकाळी फोन चार्जिंगला लावला तर पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना आली. दोन तास थांबले, पुन्हा लावला, चार्ज झाला. विषय संपला असं वाटलं. घरी आल्यावर चार दिवसांनी केबल लावली तर काहीच नाही. केबल बदलली, चार्जर बदलला, तरी नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये त्या मुलाने पोर्ट भिंगाखाली धरून मला दाखवलं. दोन पिनांवर हिरवट पापुद्रा होता. मग त्याने सिमचा ट्रे काढून आतली पट्टी पाहिली. पाणी लागलं की लाल होणारी ती पट्टी पांढरीच होती.

"म्हणजे आत पाणी गेलेलं नाही," मी म्हटलं.

"आत नाही मॅडम, पण पोर्ट गंजलंय. ते पाण्याच्या नुकसानीतच धरतात. वॉरंटीत बसणार नाही."

"फोन आयपी ६८ आहे."

"ते साध्या पाण्याचं असतं."

अर्धा तास वाद घातला. वरिष्ठांना बोलावलं, त्यांनीही वॉरंटीचा कागद पुढे केला. पोर्ट बदलायला जो खर्च आला त्यात असे वीस पाऊच आले असते. मला चीड याची आली की खोक्यावर आकडा मोठा आणि अट बारीक. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. आयपीएक्स ८ (फोनच्या आयपी ६८ मधला ८ तोच) म्हणजे त्याहून कठीण, पण किती खोल आणि किती वेळ हे बनवणारा ठरवतो. चाचणी होते ती साध्या, स्थिर पाण्यात, नव्याकोऱ्या वस्तूवर. लाटेचा मारा, मीठ आणि वर्षभरात दोनदा हातातून पडलेला फोन यांचा त्यात कुठेच विचार नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी पाऊचला एक स्टार दिला. पाऊच गळला, दुसरं काय होणार?

मुलीला ते पटलं नाही. "आई, पाण्यात असताना आत एक थेंब नव्हता, मी बघितलंय. तू उघडतेस ना, तेव्हा पडतं." मी तिला गप्प केलं. पण रात्री ते डोक्यातून जाईना, म्हणून दुसऱ्या दिवशी बादली भरली. पाण्यात मीठ आणि थोडी निळी शाई घातली. पाऊचमध्ये फोनऐवजी घडी केलेला टिश्यू पेपर ठेवला, क्लिप लावली आणि वर वजन ठेवून अर्धा तास बुडवून ठेवला. बाहेर काढून, किनाऱ्यावर उघडते तसाच, पटकन उघडला. टिश्यूच्या वरच्या कडेला निळे डाग! पुन्हा केलं. या वेळी बाहेर काढल्यावर पाऊच उलटा धरून झटकला, क्लिपच्या वरची पट्टी फडक्याने टिपली आणि मगच उघडला. टिश्यू कोरडा. तीन वेळा ओला उघडला, तीनही वेळा डाग पडले. तीन वेळा पुसून उघडला, तीनही वेळा कोरडा निघाला.

तर दोष हा आहे. क्लिप जिथे बंद होते, तिच्या वर प्लास्टिकच्या दोन पदरांची बोटभर रुंद पट्टी उरते. ती पकडून तोंड उघडायचं असतं. पाऊच पाण्यातून बाहेर आला की या दोन पदरांच्या मध्ये पाणी अडकून राहतं. पदर ओले असल्याने एकमेकांना चिकटतात, त्यामुळे ते दिसतही नाही. मी ते चमच्यात ओतून पाहिलं, तर चहाचा जवळजवळ पूर्ण चमचा भरला. आपण खटकी फिरवतो, क्लिप सैल होते आणि ते सगळं पाणी सरळ आत उतरतं. प्लास्टिकवरून घरंगळत तळाच्या कोपऱ्यात जातं. फोन सरळ ठेवला असेल तर पोर्ट तिथेच टेकलेलं असतं. त्या दिवशी मी किनाऱ्यावर एकदा पाऊच उघडून फोनवर बोलले, पुन्हा बंद केला आणि संध्याकाळपर्यंत तो तसाच गळ्यात होता. म्हणजे पोर्ट तीन तास खाऱ्या पाण्यात बसलं होतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. चमचाभर म्हणजे जेमतेम चिमूट. पण पाणी उडून जातं आणि ती चिमूट पिनांवरच राहते. दमट हवेत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तसं या मिठालाही सुटतं, कारण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ स्वतःच ओलावा ओढून विरघळतं. वर आपण केबल लावून वीज सोडली की त्या खाऱ्या थरातून पिनांचा धातू झिजायला लागतो. म्हणूनच फोन त्या रात्री चालला आणि चार दिवसांनी गेला. दोन तास थांबून पोर्ट वरवर कोरडं झालं होतं, मीठ कुठेच गेलं नव्हतं.

हे तेव्हा माहीत असतं तर मी पोर्ट लगेच गोड्या पाण्याने धुतलं असतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण पाण्यापासून संरक्षण असलेल्या फोनला खारं पाणी लागलं तर ती जागा नळाच्या पाण्याने धुवावी, मग पोर्ट खाली धरून हलकेच आपटून पाणी काढावं आणि हवेशीर जागी पूर्ण वाळू द्यावं, हाच बरोबर उपाय आहे. तांदळात ठेवू नका. तांदूळ मीठ काढत नाही, आणि त्याचे बारीक कण फोनला इजा करू शकतात, असं ॲपलनेही २०२४ मध्ये आपल्या सूचनांत स्पष्ट लिहिलं. हेअर ड्रायरही नको. संरक्षण नसलेल्या कॅमेऱ्याचं मात्र वेगळं: लगेच बंद करायचा, बॅटरी आणि कार्ड काढायचं, गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बाहेरून पुसायचा, आणि चालू करून बघायचा मोह टाळायचा. तो मोह फार वाईट.

एक स्टारवरून मी वर आले ते या बादलीमुळे. पाऊच पाण्याखाली त्याचं काम करत होता. पण पाच स्टार परत देणार नाही. त्या पट्टीच्या कडांना दोन भोकं पाडली असती किंवा एक पदर दुसऱ्यापेक्षा आखूड ठेवला असता, तर पाणी आपोआप निथळलं असतं. बनवणाऱ्याला काही खर्च नव्हता. सूचनापत्रात सुद्धा "पुसून उघडा" एवढे दोन शब्द नाहीत. मी कंपनीला दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही.

बादली काढलीच होती म्हणून क्लिपच्या रबरावर मुद्दाम वाळूचा एक कण ठेवून पाहिलं. पाच मिनिटांत पाण्याची बारीक रेघ आत उतरली. त्यामुळे क्लिप लावण्याआधी रबरावरून ओलं बोट फिरवते, मग कोरडं. कण डोळ्यांना दिसला नाही तरी बोटाला लागतो. पाऊच किनाऱ्यावर पहिल्यांदा बंद करण्यात अर्थच नाही, तो खोलीतच बंद करून निघायचं.

खोलीत बंद करण्याचा दुसरा फायदा नंतर कळला. किनाऱ्यावरची दमट हवा आत कोंडली आणि तापलेला पाऊच गार पाण्यात गेला की आतून धुकं धरतं. पहिल्यांदा ते पाहून आम्ही गळती समजून घाबरलो होतो. एसीच्या खोलीत बंद केलेल्या पाऊचमध्ये कोरडी हवा असते, म्हणून धुकं कमी. बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांपैकी एक आत टाकते. कॅमेऱ्याचं नेमकं उलटं होतं: एसीतून बाहेर काढला की त्याच्या गार काचेवर बाहेरचा दमटपणा जमतो. तो खोलीतच ड्राय बॅगेत बंद करायचा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास बॅग उघडायची नाही.

ड्राय बॅगेबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या सहलीत एका लाटेने ती ओढून नेली, तरंगत राहिली, आणि आतला कॅमेरा, चार्जर, टॉवेल सगळं कोरडं निघालं. तोंड निदान तीनदा गुंडाळायचं, आणि ती बुडवायची नाही, शिंतोडे आणि क्षणभराच्या डुबकीपुरतीच ती आहे. लेन्स मात्र वाळूवर बदलू नका, आणि काचेवर खारे शिंतोडे पडले तर कोरडं फडकं घासू नका. वाळूतला क्वार्ट्झ लेन्सच्या काचेलाही ओरखडे पाडतो. आधी ब्लोअर, म्हणजे हवा मारायचा रबरी फुगा, मग ओलसर फडकं. लेन्सच्या पुढे काचेचा एक साधा फिल्टर लावून ठेवला की जीव थोडा शांत राहतो.

चौथी सहल गेल्या महिन्यात झाली. या वेळी फोन आत उलटा ठेवला, पोर्ट वर. कोरडा रुमाल ड्राय बॅगेत वेगळ्या पिशवीत होता, आणि पाऊच उघडण्याचा हक्क फक्त मुलीकडे. तिने दर वेळी तो उलटा धरून झटकला, पट्टीचे दोन्ही पदर वेगळे करून टिपले, मगच खटकी फिरवली. परत आल्यावर पाऊच, दोरी, बॅग, सगळं गोड्या पाण्यातून काढून सावलीत वाळवलं. फोन ठणठणीत आहे.

नऊ महिन्यांत डावी खटकी थोडी सैल झालीय, आणि क्लिपजवळ प्लास्टिक पिवळसर पडलंय. लगेच नवा घ्यावा असं वाटत नाही. प्रत्येक सहलीच्या आदल्या रात्री शाईची बादली आणि टिश्यू होतोच. पुसून उघडूनही ज्या दिवशी तो निळा निघेल, त्या दिवशी हा पाऊच बाद.