शिबिरासाठी 100 न्यूटनचं फोम लाइफ जॅकेट: कुठे कामाचं, कुठे अपुरं

उन्हाळी शिबिरात पाण्याचे खेळ असतील तर कॉलरवालं, 100 न्यूटन श्रेणीचं फोम जॅकेट घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. न्यूटन हे जॅकेटची तरंगशक्ती मोजायचं एकक. 50 न्यूटनचं सुटसुटीत असतं, हात मोकळे राहतात, मुलांनाही तेच आवडतं. पण ते पोहता येणाऱ्यांसाठी, संथ पाण्यासाठी आणि मदत जवळ असेल तिथल्यासाठी आहे. शुद्ध हरपलेल्या मुलाला ते उताणं करेलच असं नाही. 100 न्यूटनमध्ये फोम छातीकडे जास्त आणि मानेमागे कॉलरमध्ये असतो. त्यामुळे शरीर पाठीवर वळतं आणि तोंड पाण्याबाहेर राहतं. लाइफ जॅकेटच्या आयएसओ 12402 या आंतरराष्ट्रीय मानकात या श्रेणी वेगळ्या आहेत त्या याचसाठी.

लेबलवरचा न्यूटनचा आकडा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. लहान मापात तो वजनानुसार कमी होतो, म्हणून निवड किलोवरून करा, वयावरून नको. आणि कपड्यांसारखं ‘वाढत्या अंगाचं’ जॅकेट तर मुळीच घेऊ नका. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि मूल खालीच राहतं. बकलं लावा, पट्टे ओढा आणि जॅकेट खांद्यांशी धरून वर उचला. ते हनुवटीच्या वर, कानांपर्यंत आलं तर माप मोठं आहे. जांघेतला पट्टा नसेल तर लहान मुलांसाठी ते मॉडेल बादच समजा. हा पट्टा काचतो म्हणून मुलं तो गुपचूप सोडतात. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाचा पट्टा हाताने ओढून बघावा लागतो.

सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे बकल. त्यात वाळू गेली की ‘टक्’ आवाज येतो, पण एका बाजूचा दात नीट बसलेला नसतो आणि उडी मारताच ते सुटतं. वापरानंतर साध्या पाण्याने धुऊन सावलीत टांगून वाळवा. सततच्या उन्हाने कापड आणि शिलाईचा धागा कुजतो. मुलं जॅकेटवर बसतात तेही थांबवा, फोम दबला की तरंगशक्ती घटते.

आता मर्यादा. हवा भरलेल्या तरंगत्या खेळण्याखाली किंवा उलटलेल्या तराफ्याखाली मूल सापडलं, तर हेच जॅकेट त्याला वर ढकलून त्या खेळण्याच्या किंवा तराफ्याच्या खालच्या बाजूशी दाबून धरतं आणि त्याला बुडी मारून बाजूला निघता येत नाही. म्हणून अशा खेळण्याच्या कडेला, पाण्यात, एक माणूस हवाच. उंचावरून उडी मारायलाही हे जॅकेट नको. पाण्याच्या धक्क्याने कॉलर हनुवटीवर आदळते.

दंडाला लावायचे हवेचे फ्लोटर जॅकेटची जागा घेऊ शकत नाहीत. ते निसटतात, फुटतात आणि मोठ्यांची नजर ढिली करतात. नजर ढिली पडणं हाच खरा धोका, कारण बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही, हात हलवत नाही. जॅकेट कितीही चांगलं असलं तरी जोड्या लावा, दर दहा मिनिटांनी शिटी वाजवून जोडीदारांना एकमेकांचे हात वर धरायला लावा आणि मोजा. पहारा देणाऱ्याच्या हाती मोबाइल नको, दुसरं कामही नको.

खरेदीआधी नावनोंदणीच्या फॉर्मवरच मुलांची वजनं लिहून घ्या, मापांची यादी त्यावरूनच करा आणि प्रत्येक मापाची एक-दोन जास्तीची ठेवा. माप कमी पडलं की मोठ्या मापावर भागवलं जातं.