ली-एनफील्ड: लष्करी की कापलेली?

ली-एनफील्ड म्हणजे ब्रिटिश लष्कराची जुनी रायफल. तिच्या अस्सल एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड) मार्क ३ मध्ये (१९०७) लाकूड पार नळीच्या तोंडापर्यंत येतं आणि पुढे संगीन अडकवायची बोथट लोखंडी टोपी असते. शिकारीसाठी कापलेलीत टोपी गायब, लाकूड अर्ध्यावरच घासून संपवलेलं. इतकं तर लांबूनही कळतं.

खरी गंमत कापलेलीला पुन्हा लष्करी वेष चढवतात तेव्हा. मग बोल्टच्या (काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या भागाच्या) दांड्यामागचा नंबर रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य सांगाडा), नळी आणि टोपीवरच्या नंबरांशी ताडून बघा. टोपीचा नंबर वेगळा निघाला, तर मला लगेच शंका येते. मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधली काडतुसं वर येऊ न देणारी पट्टी) नसला म्हणून मात्र नाक मुरडू नका. १९१६ च्या तारांकित मार्क ३ (Mk III*) मधून तो वगळलाच होता.